नंदादीपाचें तेल

‘किती’ हा दोन अक्षरांचा साधा शब्द घ्या. कागदावर त्यांतली पहिली वेलांटी ‘क’च्या अलीकडे असते; संगणकाच्या पोटांतील नोंदींत मात्र ‘क’ आधीं आणि वेलांटी मागाहून, असा क्रम असतो. ‘धर्म’ शब्दांतला रफार नोंदींत ‘म’च्या आधीं येतो, पण डोळ्यांस दिसतो तो ‘म’च्या डोक्यावर. ही सारी उलटापालट निमिषार्धांत करून मराठी मजकूर आपल्यापुढें शुद्ध स्वरूपांत मांडण्याचें काम बहुतेक ठिकाणीं ‘हर्फबझ’ नांवाचें एक सॉफ्टवेअर करतें. अँड्रॉइडचे फोन, क्रोम आणि फायरफॉक्स हे ब्राउझर, लिबरऑफिस, या सर्वांत तें बसविलेलें आहे. इराणांत जन्मलेले बेहदाद एस्फाहबोद हे त्याचे प्रमुख कर्ते. आणि त्याच्या नांवांतला ‘हर्फ’ तो आपल्या जुन्या दप्तरांतला ‘हरफ’, म्हणजे अक्षरच होय. या सेवेबद्दल आपण कोणीं आजवर एक पैहि मोजलेली नाहीं, आणि ती कोणीं मागितलेलीहि नाहीं.

असल्या सॉफ्टवेअरला ‘ओपन सोर्स’ म्हणतात. त्याचा कोड, म्हणजे ज्या मूळ लिखाणावरून संगणक चालतो तें लिखाण, सर्वांस खुलें असतें. कोणींहि तें वाचावें, वापरावें, बदलावें, वाटावें, त्यावर स्वतःचा धंदाहि उभारावा. कर्त्याची आडकाठी नाहीं. ही उदारता भाबडेपणाची नव्हे. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली तेव्हांपासून तिच्यामागें एक निश्चित विचार उभा आहे. ‘ओपन सोर्स’ हें नांव तेवढें १९९८ पासून रूढ झालें. परंतु विद्या खुली झाली तरी तिची राखण करणाऱ्या माणसाला पोट असतेंच. तें त्यानें कशावर भरावें?

हा प्रश्न ज्यांनीं जिव्हाळ्यानें हातीं घेतला त्यांत श्रीमती नादिया एग्बाल यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. (पुढें त्या अस्पारूहोवा या आडनांवानें लिहूं लागल्या.) २०१६ मध्यें फोर्ड फौंडेशनसाठीं त्यांनीं ‘रोड्स अँड ब्रिजेस’ हा अहवाल लिहिला आणि २०२० मध्यें ‘वर्किंग इन पब्लिक’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुस्तकाला आतां कांहीं वर्षें लोटलीं आहेत, आणि मध्यंतरीं या क्षेत्रांत बऱ्याच उलथापालथी झाल्या. त्यांच्या उजेडांत तें आम्हीं पुन्हां वाचलें. तें कोठें टिकतें आणि कोठें उणें पडतें, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

या विषयावरील आधीचें गाजलेलें लिखाण म्हणजे एरिक रेमंड यांचें ‘द कॅथीड्रल अँड द बझार’. १९९७ मध्यें निबंधरूपानें वाचलेल्या आणि १९९९ मध्यें पुस्तकरूपानें निघालेल्या या लिखाणानें एका पिढीच्या मनावर बाजाराचें चित्र ठसविलें: हजारों माणसें येत आहेत, जो तो आपल्यापरी भर घालीत आहे, आणि त्या गजबजाटांतून मोठमोठ्या प्रार्थनामंदिरांस लाजवील असें काम उभें राहत आहे. एग्बालबाईंचा पहिला गुण हा कीं त्यांनीं या बाजारांत प्रत्यक्ष जाऊन माणसें मोजलीं. तेव्हां दिसलें तें असें कीं पुष्कळशा दुकानांत गल्ल्यावर एकच माणूस, तराजूवर तोच, आणि रात्रीं झाडूहि तोच मारतो. बाकीची गर्दी आहे ती गिऱ्हाइकांची. जेथें काम करणारे मूठभर आणि वापरणारे अगणित, अशा प्रकल्पांना त्यांनीं ‘स्टेडियम’ म्हटलें आहे, आणि आजच्या ओपन सोर्सचें मोठें दुखणें या स्टेडियमांतच आहे असें त्यांचें निदान आहे.

पुस्तकाचा गाभा याहून पुढें आहे. कोडाची प्रत काढावयास खर्च नाहीं; लाख जणांनीं नेली तरी मूळ तिळभरहि कमी होत नाहीं. मग कमी काय होतें? सांभाळणाराचें लक्ष. प्रत्येक वापरणारा एक प्रश्न विचारतो, दहांतला एक तक्रार करतो, शंभरांतला एक ‘ही माझी दुरुस्ती घ्या’ म्हणून कोड पाठवितो. आणि तो वाचणें, पारखणें, नाकारावयाचा तर गोड शब्दांत नाकारणें, हें सारें त्याच एकट्याच्या माथीं येतें. विद्या दिल्यानें वाढते हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. पण गुरुजींचा वेळ दिल्यानें वाढत नाहीं, ही त्या वचनाची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाहीं. एग्बालबाईंनीं ती सांगितली, आणि त्याबद्दल वाचकांनीं त्यांचे ऋणी असावें.

हें निदान किती खरें होतें याचा पुरावा त्यांच्याआधींहि होता आणि नंतरहि मिळाला. ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरवर जगांतील फार मोठ्या संख्येच्या संकेतस्थळांची गुप्तता विसंबून होती. २०१४ च्या एप्रिलांत त्यांतला ‘हार्टब्लीड’ नांवाचा दोष उघडकीस आला, आणि पेढ्यांपासून सरकारांपर्यंत सर्वांची तारांबळ उडाली. तेव्हां लोकांस कळलें कीं या कामाला वाहिलेला पूर्णवेळ माणूस एकच होता आणि देणग्यांची वर्षाची बेरीज सुमारें २,००० डॉलर होती. दहा वर्षांनंतरची गोष्ट याहून बोलकी आहे. ‘एक्सझेड’ हें माहिती दाबून लहान करणारें साधन लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक संगणकावर असतें. फिनलंडमधील एक गृहस्थ तें वर्षानुवर्षें, बिनपगारी, बहुतांशीं एकट्यानें सांभाळीत होते. कामें लौकर होत नाहींत म्हणून तगादा लावणाऱ्यांना २०२२ मध्यें त्यांनीं जाहीरपणें कळविलें कीं आपली प्रकृति दीर्घकाळ ठीक नाहीं, आणि हें काम हौसेचें आहे याचें भान ठेवावें. याच काळांत ‘जिया टॅन’ असें नांव सांगणारा कोणी मदतीस आला. त्यानें खरोखरीचें काम केलें, विश्वास मिळविला, किल्ल्या हातीं घेतल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चांत निघालेल्या आवृत्त्यांत एक चोरवाट ठेवून दिली. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकांत प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला, त्यांनीं त्याचा माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं ती चोरी बाहेर आली. अर्ध्या सेकंदाच्या संशयावर जगाची अब्रू वांचली. थकलेल्या पहारेकऱ्याला ‘जरा पडा, मी जागतों’ म्हणणारा जो पहिला माणूस भेटला, तो चोर निघाला; कारण त्यापूर्वीं तसें म्हणावयास दुसरें कोणी आलेंच नव्हतें.

येथपर्यंत आम्ही बाईंच्या बरोबर आहों. मतभेद सुरू होतो तो उपायांपाशीं. सांभाळणारा हा व्यासपीठावरचा कलावंत, आणि रसिकांनीं त्याला व्यक्तिशः आश्रय द्यावा, या कल्पनेकडे पुस्तकाचा ओढा आहे. २०१९ मध्यें ‘गिटहब स्पॉन्सर्स’ या योजनेनें तसा आश्रय देण्याची सोयहि करून दिली, आणि कित्येकांना तिचा लाभ झाला, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु स्टेडियमचा दृष्टान्त येथें लंगडा पडतो. क्रीडांगणावर प्रेक्षक खेळाडूला पाहत असतो. ओपनएसएसएल किंवा एक्सझेड यांना कोण पाहत होतें? हे खेळाडू नव्हेत. हे तळघरांत बसून पाण्याचा नळ राखणारे. त्यांचें काम उत्तम झालें याची खूणच ही कीं त्यांची कोणास आठवण होत नाहीं. वर्नर कॉख हे जर्मन गृहस्थ ‘जीएनयूपीजी’ हें गुप्तलेखनाचें साधन १९९७ पासून बहुतांशीं एकट्यानें सांभाळीत आले. २०१५ च्या फेब्रुवारींत त्यांच्या विपन्नतेविषयीं एक लेख छापून आला, आणि पाहतां पाहतां देणग्यांचा ओघ सुरू झाला. फेसबुक आणि स्ट्राइप या कंपन्यांनीं प्रत्येकीं वार्षिक ५०,००० डॉलर जाहीर केले. फार चांगलें झालें. पण तो लेख आला नसता तर? जो आश्रय बातमीवर अवलंबून असतो तो बातमीबरोबर शिळाहि होतो.

दुसरा उपाय आहे तो परवान्याचा, आणि गेल्या कांहीं वर्षांतील खरा वाद त्याचाच आहे. ‘तुम्ही सारें खुलें ठेवतां म्हणूनच लुबाडले जातां, परवाना आवळा, म्हणजे पैसा येईल,’ असा हा युक्तिवाद आहे. २०१८ मध्यें मोंगोडीबीनें, २०२१ मध्यें इलॅस्टिकनें, २०२३ मध्यें हॅशिकॉर्पनें आणि २०२४ मध्यें रेडिसनें आपापले परवाने याप्रमाणें आवळले. त्यांची तक्रार खोटी होती असें आम्ही म्हणणार नाहीं. संगणकसेवा भाड्यानें देणाऱ्या बड्या कंपन्या दुसऱ्यांनीं लिहिलेलें सॉफ्टवेअर उचलून तेंच गिऱ्हाइकांस विकतात आणि लिहिणाराच्या हातीं फारसें कांहीं लागत नाहीं, हें दृश्य कोणाहि न्यायी माणसाला खुपणारेंच आहे.

तथापि औषधाचा गुण काय आला तें पहावें. इलॅस्टिकनें परवाना बदलतांच ॲमेझॉननें जुन्या खुल्या कोडावरून ‘ओपनसर्च’ हा स्वतंत्र फांटा काढला. हॅशिकॉर्पच्या ‘टेराफॉर्म’ला ‘ओपनटोफू’ उभें राहिलें. रेडिसच्या बाबतींत कांहीं दिवसांतच लिनक्स फौंडेशनच्या छत्राखालीं ‘वाल्की’ निघालें, आणि त्याच्या पाठीशीं ॲमेझॉन, गूगल यांच्यासारखे धनकोच उभे होते. शेवटीं इलॅस्टिकनें २०२४ मध्यें आणि रेडिसनें २०२५ मध्यें खुला परवाना पुन्हां देऊं केला. ज्यांना अडवावयाचें ते बलाढ्य होते, म्हणून ते वळसा घालून गेले; मनस्ताप झाला तो विश्वासानें भर घालणाऱ्या लहान माणसांना.

आमच्या मतें याचें कारण परवान्याच्या स्वभावांतच आहे. परवाना पहारा ठेवतो तो प्रतीवर. पण एग्बालबाईंनींच दाखविल्याप्रमाणें दुर्मीळ आहे ती प्रत नव्हे, माणसाचें लक्ष आहे. जें अमाप आहे त्याला कुलूप आणि जें आटत चाललें आहे तें उघड्यावर, असा हा उफराटा बंदोबस्त होय. शिवाय परवाने आवळणाऱ्या या सर्व कंपन्या होत्या, त्यांच्यापाशीं वकील होते आणि पगारी नोकर होते. फिनलंडमधल्या त्या एकट्या गृहस्थानें परवाना बदलला असता तर तो अंमलांत कोण आणणार होतें? लोकांनीं त्याच्या मालाऐवजीं दुसरा माल उचलला असता, इतकेंच. आणि हर्फबझवर प्रत्येक वापराचा कर बसता, तर ज्या भाषांचे वाचक श्रीमंत नाहींत त्यांचीं जोडाक्षरें पडद्यावर प्रथम मोडलीं असतीं. या प्रकरणीं मराठी वाचकाचा संबंध दूरचा नाहीं, तो असा.

तर मग पैसा कशाचा घ्यावा? याचें उत्तर ग्रंथापेक्षां व्यवहारानें चांगलें दिलें आहे. ‘एसक्यूलाइट’ हें माहिती साठविण्याचें सॉफ्टवेअर आपल्या खिशांतल्या प्रत्येक फोनवर आहे. रिचर्ड हिप यांनीं तें २००० सालीं सुरू केलें आणि त्यावरचा आपला सर्व हक्क सोडून दिला. परवानाच नाहीं, मग आवळणार काय? असें असूनहि त्यांची छोटी मंडळी गेलीं कित्येक वर्षें याच कामावर निर्वाह करीत आहे. ज्या मोठ्या कंपन्यांचा कारभार एसक्यूलाइटवर चालतो त्यांचा एक संघ आहे. त्या वार्षिक वर्गणी भरतात आणि मोबदल्यांत त्यांना या मंडळींचा वेळ मिळतो. २०५० पर्यंत हें काम सांभाळण्याचा संकल्प त्यांनीं सोडला आहे. गंमत अशी कीं हक्क सोडून दिला यावर ज्यांच्या वकिलांचा विश्वास बसत नाहीं, त्यांना ‘हक्क खरोखरच सोडला आहे’ असा दाखला ते पैसे घेऊन देतात. वस्तु फुकट, खात्री विकत!

स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांची ‘कर्ल’ची कथाहि अशीच आहे. इंटरनेटवरून माहिती आणण्या-नेण्याचें हें साधन १९९८ पासून सर्वांस खुलें आहे, आणि २०१९ पासून ते ‘वुल्फएसएसएल’ या कंपनीच्या नोकरींत राहून, गिऱ्हाइकांस मदतीचे करार विकून, त्यावर पूर्णवेळ काम करीत आले. २०२२ च्या जानेवारींत एका धनाढ्य कंपनीनें त्यांना पत्र पाठविलें कीं अमुक एका गाजलेल्या दोषाबाबत आमच्या प्रश्नांचीं उत्तरें चोवीस तासांत द्या. या कंपनीशीं त्यांचा कसलाहि करार नव्हता. त्यांनीं शांतपणें कळविलें कीं मदतीचा करार होतांच उत्तरें आनंदानें देऊं. या उत्तरांत उद्धटपणा नाहीं आणि भीकहि नाहीं. कोड घेण्यास कोणाला मनाई नाहीं; उत्तराची जबाबदारी मात्र विकत घ्यावी लागते. त्रिमिति चित्रांसाठीं वापरलें जाणारें ‘ब्लेंडर’ तर वर्गणीनेंच मोकळें झालें. २००२ मध्यें कंपनी बुडाल्यावर टॉन रूसेंडाल यांनीं लोकांस हांक घातली. सात आठवड्यांत १,००,००० युरो जमले, आणि कोड कायमचा खुला झाला. आज त्याच्या विकासनिधीला कंपन्या आणि व्यक्ति नियमित वर्गणी देतात. आणि ‘फ्लो’ या लाटव्हियन चित्रपटाला २०२५ मध्यें ऑस्कर मिळालें तें याच साधनाच्या बळावर केलेल्या कामाला.

या तिन्ही उदाहरणांत पैसा घेतला गेला तो वस्तूचा नव्हे, तर ‘उद्यां आम्ही येथें असूं’ या वचनाचा. ही युक्ति आपल्याकडे नवी नाहीं. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा शिलालेख आहे. तें लेणें त्यानें चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिलें. कोणत्याहि वाटेनें आलेल्या भिक्षूला तें खुलें होतें. पण दान देऊन तो थांबला नाहीं. ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ त्यानें कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे व्याजानें ठेविली: मुद्दल कधीं काढावयाचें नाहीं, व्याजांतून तेथें वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च भागवावयाचा. दार उघडें ठेवणें आणि आंतल्या माणसाची सोय लावणें हीं दोन वेगळीं कर्तव्यें आहेत, हें त्याला उमगलें होतें. आपल्या देवळांतूनहि बांधणाऱ्याच्या पुण्याइतकेंच नंदादीपाच्या तेलाची नेमणूक करणाऱ्याचें पुण्य मानीत. दर्शनाला येणाऱ्याकडून उजेडाचे पैसे घ्यावे असें कोणाला सुचलें नाहीं. आणि पुजाऱ्यानें तेल पदरचें घालावें असेंहि कोणीं म्हटलें नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला हा कीं मदतीचे करार विकणें प्रत्येकाला जमणार नाहीं. खरें आहे. २०१६ मध्यें ‘लेफ्ट-पॅड’ नांवाचा अवघ्या अकरा ओळींचा कोड त्याच्या कर्त्यानें काढून घेतला आणि हजारों प्रकल्प अडून बसले. अकरा ओळींच्या मदतीचा करार कोण करणार? अशा ठिकाणीं सार्वजनिक निधि हवा. जर्मन सरकारनें २०२२ मध्यें यासाठीं ‘सॉव्हरिन टेक फंड’ स्थापन केला. आपल्याकडे बंगळूरच्या झिरोधा कंपनीनें २०२४ मध्यें वर्षाला दहा लक्ष डॉलरचा ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जो पैसा देईल तो हुकूमहि करील. ही भीति अनाठायीं नाहीं, आणि तिचें उत्तर खुल्या परवान्यांतच आहे. धनी आडदांड निघाला तर कोड घेऊन वेगळी चूल मांडण्याचा हक्क सर्वांस राहतो. ओपनटोफूवाल्यांनीं तोच बजावला. म्हणजे परवाना खुला असणें ही पैसा येण्याच्या मार्गांतली अडचण नसून आलेल्या पैशाला मर्यादेंत ठेवणारी वेस आहे. एग्बालबाईंच्या पुस्तकांत या मुद्द्याचा विचार व्हावा तितका झालेला नाहीं, आणि त्याची दुसरी आवृत्ति निघेल तर तो व्हावा अशी आमची सूचना आहे.

असो. पुस्तक वाचनीय आहे. भाषा सरळ आहे. आणि ज्यांच्या घरांतला मुलगा किंवा मुलगी रात्रीं उशिरांपर्यंत कसल्याशा ‘फुकटच्या’ कामांत गढलेली असते, अशा आईबापांनीं तर तें अवश्य वाचावें. त्या मुलांना ‘यांत पैसा काय मिळतो?’ असें विचारण्याचा आपला हक्क आम्ही मान्य करतों. परंतु तोच प्रश्न त्यांच्या कामावर चालणाऱ्या पेढ्यांना, कारखान्यांना, विद्यापीठांना आणि सरकारी कचेऱ्यांना उलट बाजूनें विचारावयास हवा: तुमच्या अंदाजपत्रकांत इमारतीच्या रंगरंगोटीला रक्कम आहे, पंख्यांच्या दुरुस्तीला आहे, ज्या कोडावर तुमचा सारा कारभार चालतो त्याच्या सांभाळाला किती आहे? या ‘किती’चें उत्तर आज बहुतेक ठिकाणीं शून्य येतें. तें शून्य पुसण्यासाठीं कोणाचाहि परवाना आवळावा लागत नाहीं. खर्चाच्या वहींत एक ओळ वाढवावी लागते.